खाणींविरुद्ध बोलणाऱ्यांवरचे हल्ले: ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यंदाच्या गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळात या विषयावर बोलणं झालं. आरतीची वेळ टळली तरी प्रश्न संपेनात, आणि नंतर फोनवरही तेच ते येत राहिले. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी वकील नाही. लोकांचे माहिती अधिकाराचे अर्ज आणि तक्रारी लिहून देते, त्यामुळे कोणती खिडकी कुठे उघडते आणि कुठे बंद असते एवढं ठाऊक झालं आहे.

हा प्रश्न मुरैना-भिंड या शेजारच्या जिल्ह्यांचा. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

घर बांधायला काढलंत की संबंध आलाच. शहरात रेती दोन बाजूंनी येते, डबऱ्याकडून सिंध नदीची आणि मुरैन्याकडून चंबळची. गिट्टी बिलौआच्या क्रशरवरून येते, पांढरा दगड घाटीगावच्या बाजूने. सिंधेच्या घाटांचे ठेके सरकार देतं. तिथली काही रेती रीतसर असते, काही त्याच ठेक्याच्या आडून जास्तीची उपसलेली. चंबळचं पात्र मात्र अभयारण्यात येतं आणि तिथल्या उपशाला बंदी आहे.

तरीही पहाटे ट्रॉली गल्लीत शिरते. नंबरप्लेट नाही, वर निळी ताडपत्री, फळ्यांच्या फटींतून पाणी ठिबकतंय, म्हणजे माल रात्रीतूनच नदीतून उचललेला. ट्रॉली उलटली की ढिगात बारीक शिंपले चमकतात. ड्रायव्हर इंजिन बंद करत नाही, पैसे रोख मागतो आणि पावतीचं नाव काढलं की "बाबूजी, लेनी है कि नहीं?" एवढंच विचारतो. घेणाऱ्याला यात वावगं काही वाटत नाही, कारण शेजाऱ्यानेही अशीच घेतली होती. त्याच ट्रॉलीला वाटेत आडवा गेलेला एखादा वनरक्षक किंवा गावकरी त्या रात्री घरी पोचला की नाही, हे गल्लीत कुणाला कळत नाही. आपला संबंध तो इतका.

चंबळची थोडी रेती काढली तर एवढं काय बिघडतं? पावसाळ्यात नवी येतेच की.

घडियाल मगरीच्या मादीला अंडी घालायला उंच, कोरडा, न हललेला वाळूचा काठ लागतो. ती मार्च-एप्रिलमध्ये खड्डा करून अंडी घालते आणि मेअखेर ते जूनमध्ये पिल्लं बाहेर येतात. रेतीचा धंदाही नेमका याच महिन्यांत जोरात असतो, कारण पाणी उतरलेलं असतं. ट्रॅक्टर काठावरून फिरला की घरटं गेलं. बटागुर जातीची कासवं आणि पाणचिरा पक्षी यांचीही तीच गत. जगात जंगली घडियालांची सर्वांत मोठी संख्या चंबळमध्ये आहे, त्यामुळे इथे जे जाईल त्याची भरपाई दुसरीकडून होण्यासारखी नाही. पुरात रेती येते हे खरं, पण वर्षभर उपसा चालला तर पूर किती पुरा पडणार?

हल्ले नेमके कोणावर होतात?

आपल्या भागातली नावं लोकांना आठवतात ती बहुतेक वर्दीतल्यांची. ८ मार्च २०१२ रोजी, होळीच्या दिवशी, मुरैना जिल्ह्यातल्या बानमोरला तरुण आयपीएस अधिकारी नरेंद्र कुमार दगड भरलेल्या ट्रॅक्टरला थांबवायला गेले आणि त्याच ट्रॅक्टरखाली सापडले. त्यांच्या पत्नी आयएएस अधिकारी, त्यांची नेमणूक ग्वाल्हेरला होती आणि त्या गरोदर होत्या. शहरातल्या जुन्या लोकांना ते दिवस अजून आठवतात. २०१५ मध्ये नूराबादजवळ एक पोलिस शिपाई डंपरखाली गेला, २०१६ मध्ये एक वनरक्षक, २०१८ मध्ये एक डेप्युटी रेंजर. सगळे मुरैना जिल्ह्यातले.

त्यानंतर पत्रकार. २६ मार्च २०१८ रोजी भिंडमध्ये दूरचित्रवाणीचे वार्ताहर संदीप शर्मा मोटारसायकलवरून जात असताना ट्रक त्यांच्या अंगावर आला. रेतीच्या धंद्यातले पोलिसांचे हात उघडे करणारी छुपी चित्रफीत त्यांनी काढली होती. आपल्या जिवाला धोका आहे, संरक्षण द्या, असे अर्ज त्यांनी आधीच दिले होते.

तिसरे लोक गावचे. शेताकडची वाट ट्रॉल्यांनी खणून काढली म्हणून अडवायला गेलेला शेतकरी, क्रशरच्या धुळीची तक्रार करणारा सरपंच, सुरुंगाने भिंतीला तडा गेला म्हणून ओरडणारी बाई. यांना कोणी पर्यावरण कार्यकर्ता म्हणत नाही, तेही स्वतःला तसं म्हणवत नाहीत. मारहाण झाली तर स्थानिक पानावर "दो पक्षों में विवाद" असं छापून येतं. माझ्या मते खरी संख्या याच मथळ्यांखाली दबलेली आहे. वर्दीतला माणूस गेला तर निदान सलामी मिळते आणि चौकशी लागते, गावकऱ्याच्या वाट्याला तेही येत नाही.

बहुतेक जण ट्रॅक्टर-ट्रकखालीच कसे जातात?

कारण ते स्वस्त पडतं. बंदूक वापरली तर खून ठरतो. चाकाखाली गेला तर पहिल्या दिवशी कागदावर अपघात चढतो, आणि पहिल्या दिवशीचा कागद पुढे वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाला कलम १०३ आहे, जन्मठेप किंवा फाशी. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूला कलम १०६ आहे, जास्तीत जास्त पाच वर्षं. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारं पोटकलम त्यात होतं, पण जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि सरकारने ते अमलात आणणं लांबणीवर टाकलं.

नरेंद्र कुमार यांच्या प्रकरणात तपास सीबीआयकडे गेला. आरोपपत्र ट्रॅक्टरचालकावर आलं, खाणमाफियाचा कट तपासात निघाला नाही. हा निष्कर्ष पटो न पटो, त्यावरून एक गोष्ट दिसते. चालक सापडतो, पण त्याला त्या रात्री रस्त्यावर कुणी उतरवलं हे सिद्ध करायला फोनचे तपशील, पैशाचा माग आणि बोलायला तयार साक्षीदार लागतात. संदीप शर्मांच्या बाबतीत निदान सीसीटीव्हीचं चित्रण होतं. रिकाम्या रस्त्यावरून ट्रक वळून त्यांच्या दिशेने जातो हे देशाने पाहिलं, नाहीतर तीही अपघाताचीच नोंद ठरली असती.

तमिळनाडूतलं ताजं उदाहरण घ्या. पुदुकोट्टई जिल्ह्यात जगबर अली बेकायदा दगडखाणींविरुद्ध तक्रारी करत होते. १७ जानेवारी २०२५ रोजी लॉरीच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला. पत्नीने घातपाताची तक्रार केली, तपास सीबी-सीआयडीकडे, म्हणजे राज्य पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण शाखेकडे, गेला आणि खाणमालकांना अटक झाली. घरच्यांनी तोंड उघडलं नसतं तर काय झालं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून असा प्रसंग ज्या घरावर येईल त्यांनी, कितीही कठीण असलं तरी, पहिल्याच दिवशी हे पाहावं: एफआयआरमध्ये आधीच्या धमक्यांचा आणि तक्रारींचा उल्लेख तारखेसकट आला पाहिजे. आसपासच्या दुकानांचं चित्रण लगेच मागून घ्यावं, कारण बहुतेक यंत्रं जुनं पुसून त्यावरच नवं टिपतात. गाडी सोडवून नेऊ देऊ नका असा अर्ज द्यावा. गाडी सुटली की पुरावाही तिच्याबरोबर गेला.

भोपाळच्या शेहला मसूद यांचं नाव तुम्ही या यादीत घेत नाही. का?

१६ ऑगस्ट २०११ रोजी भोपाळमध्ये त्यांच्या घरासमोर, गाडीत, गोळी घालून त्यांचा खून झाला. त्या माहिती अधिकार वापरत, वाघांविषयी बोलत, छतरपूरच्या प्रस्तावित हिऱ्याच्या खाणीवर प्रश्न विचारत. साहजिकच पहिला संशय तिकडे गेला. पण सीबीआयच्या तपासात कारण वैयक्तिक द्वेषाचं निघालं आणि इंदूरच्या विशेष न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच आधारावर शिक्षा सुनावली. यादी लांब करण्यासाठी असं प्रकरण ओढून आणलं की समोरचा ते एकच नाव धरतो आणि बाकी सगळी यादी खोटी ठरवतो. त्यांच्या कामाबद्दल आदर आहेच.

आणि मालेगावचे यशवंत सोनवणे? त्यांना वाळूमाफियाने जाळलं ना?

नाही. अपर जिल्हाधिकारी सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ जाळलं ते इंधनातली भेसळ पकडताना. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून हा संदेश दरवर्षी येतो, पुढे पाठवू नका.

डाकू होते तेव्हा खाणी बंद होत्या म्हणतात. खरं का?

एका जागेपुरतं खरं आहे, आणि गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुरैन्यातल्या पढावलीजवळ बटेश्वरला गुर्जर-प्रतिहार काळातल्या सुमारे दोनशे लहान-मोठ्या देवळांचा समूह आहे. इथून गाडीने तासाभरात जाता येतं. पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद तिथे काम सुरू करायला गेले तेव्हा देवळं दगडांचे ढीग होऊन पडली होती आणि तो टापू निर्भय गुज्जरच्या टोळीचा होता. मुहम्मद यांनी हे स्वतः अनेकदा सांगितलं आहे. देवळात बिडी ओढत बसलेल्या एका माणसाला त्यांनी दटावलं, मग कळलं की तोच निर्भय. त्याला त्यांनी पटवलं की ही देवळं तुझ्या पूर्वजांची आहेत. त्यानंतर काम बिनघोर चाललं आणि कित्येक देवळं पुन्हा उभी राहिली.

टोळी संपली, निर्भय २००५ मध्ये चकमकीत मारला गेला, आणि खाणवाले परत आले. सुरुंगाच्या हादऱ्यांनी नुकतीच उभी केलेली देवळं धोक्यात आली. खात्यातून दाद लागेना तेव्हा मुहम्मद यांनी त्या वेळचे सरसंघचालक के. सी. सुदर्शन यांना पत्र लिहिलं आणि मग चक्रं हलली.

यातून डाकू बरे होते असं कुणी म्हणू लागलं तर मी उठून जाते. बीहडातल्या, म्हणजे चंबळच्या घळींतल्या, लोकांनी काय भोगलं ते त्यांना विचारा. मला त्यात दुसरंच दिसतं. केंद्र सरकारच्या अधिकाऱ्यालासुद्धा, हातात कायदा असताना, आधी डाकूची आणि मग वरच्या ओळखीची मदत लागली. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्या गावकऱ्याने काय करावं?

एकदम जिवावर उठतात का? आधी काही लक्षणं दिसतात?

जवळजवळ नेहमी दिसतात, आणि हे प्रकरण लोकांनी सर्वांत जास्त समजून घ्यायला हवं.

पहिल्यांदा येतो गोड निरोप. ओळखीतला कुणीतरी, बहुधा नात्यातलाच, चहाला येतो आणि म्हणतो, "काका, तुम्ही कशाला यात पडता? तुमची पण एक ट्रॉली लावून देऊ." नकार दिला की दुसरी पायरी: माणूस ब्लॅकमेलर आहे अशी हवा उठवायची. तक्रारी करून पैसे खातो, आता भाव वाढवतोय. ही हवा फार काम करते, कारण असे पैसे खाणारे खरोखर असतात आणि लोकांनी ते पाहिलेले असतात. गाव एकदा असं मानू लागलं की पुढे त्याला मार बसला तरी "दिया होगा किसी से पंगा" म्हणून सगळे गप्प.

तिसरी पायरी खटल्यांची. खंडणी, सरकारी कामात अडथळा, मारहाण. एकाच दिवशी दोन तालुक्यांच्या ठाण्यांत तक्रारी. तारखांना जायचं, जामीन शोधायचा, वकिलाची फी भरायची, धाकट्या भावाच्या नोकरीची पोलिस पडताळणी अडायची. या पायरीवर बहुतेक जण थकून थांबतात, आणि मुळात थांबवण्यापुरतंच ते असतं. पुढची पायरी फारच थोड्यांच्या वाट्याला येते: रात्री दारावर दगड, वाटेत अडवणं, गाडीला मागून धक्का.

या सगळ्यात घडतं एकच. माणूस एकटा पाडला जातो. आधी नातेवाईक दूर होतात, मग गाव, मग कार्यालयातले बाबू नजर चुकवू लागतात. हल्ला होतो तोवर तो पुरता एकटा पडलेला असतो आणि मारणाऱ्यांना ते नीट माहीत असतं. म्हणून मी तक्रार लिहून द्यायला बसले की पहिला प्रश्न हाच विचारते, सोबत सही कोण करणार? एका सहीच्या अर्जापेक्षा पंधरा सह्यांचा अर्ज जास्त खरा असतो असं काही नाही. पण पंधरा माणसांना ट्रॅक्टरखाली घालता येत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तर माझं नाव त्यांच्यापर्यंत पोचेल का?

पोचू शकतं. कागदावर गुप्तता आहे, कार्यालयात सगळे एकमेकांना ओळखतात. तरी काही गोष्टी हातात आहेत. कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी ते सांगावं लागत नाही आणि संपर्कापुरत्या तपशिलापलीकडे काही विचारता येत नाही. घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स नंबर देता येतो, कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो. तेव्हा घाटीगावच्या खाणीविषयीचा अर्ज पुण्याच्या भाच्याने टाकला तरी चालतो, आणि एकच अर्ज चार शहरांतून चौघांनी टाकला तर फारच छान. मराठी घरांना हा फायदा आहे, निम्मं गणगोत महाराष्ट्रात असतं.

माहितीचा संबंध कुणाच्या जिवाशी किंवा स्वातंत्र्याशी असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं, एरवी ३० दिवस. आणखी एक: मिळालेले कागद लपवून ठेवण्यात सुरक्षितता नसते. मिळाल्या दिवशी प्रती तिघा-चौघांकडे गेल्या पाहिजेत. जे सगळ्यांकडे आहे त्यासाठी एकाला मारून उपयोग नसतो.

तक्रार कुठे करायची?

जिल्हा खनिज अधिकारी, अभयारण्यात किंवा जंगलात असेल तर वनमंडल अधिकारी, मंगळवारची कलेक्टरेटमधली जनसुनवाई, सीएम हेल्पलाइन १८१. हेल्पलाइनवर मोबाइल नंबर द्यावा लागतो आणि तक्रार खाली ज्याच्याविरुद्ध आहे त्याच खात्याकडे उतरते, हे धरून चला. "शिकायत वापस ले लो" असे फोन येतात. घाबरू नका, पण ते फोन नोंदवून ठेवा.

जनसुनवाईत अर्ज दिला की आवक खिडकीवर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक, तारीख मारून घ्यायची. तिथला बाबू म्हणेल, ठेवून जा, नंतर मारतो. उभं राहायचं. शिक्का ओला असतानाच फोटो काढायचा आणि घरी, वकिलाला, एका बाहेरगावच्या माणसाला पाठवायचा.

थेट न्यायालयात जाता येतं का, असंही विचारतात. खाण कायद्याखालचा खटला फक्त अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर चालतो, नागरिकाच्या नाही. पण नदीतून बिनपरवाना रेती नेणं ही चोरीही आहे आणि त्यासाठी पोलिसांना वेगळा गुन्हा नोंदवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. ठाणेदार "हे खनिज विभागाचं" म्हणाला तर हा निकाल पुढे करावा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला आहे. भरपाई मागत नसाल तर अर्जाची फी हजार रुपये, वकिलाशिवायही जाता येतं. सहा महिन्यांची मुदत मात्र पाळा.

धमकी आली तर पोलिसांत जावं का? तेच मिळालेले असतील तर?

जावं. मिळालेले असतील तर अधिकच जावं, कारण नंतर "आम्हाला काही माहीत नव्हतं" हे म्हणायची सोय राहू नये. गुन्हेगारी धमकीला न्याय संहितेचं कलम ३५१ आहे. ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(४) प्रमाणे एसपींना लेखी, टपालाने, आणि तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. दुसऱ्या कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर देता येतो, म्हणजे मुरैन्यातल्या घटनेची तक्रार इथे ग्वाल्हेरच्या पडाव ठाण्यातही देता येते. धमकीचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यांसकट. "जीवे मारण्याची भाषा केली" यापेक्षा "तेरा भी ट्रॉली के नीचे नंबर आएगा" हे न्यायालयात जास्त उपयोगी पडतं.

सरकार संरक्षण देत नाही का? व्हिसलब्लोअरचा, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा, कायदा झाला होता ना?

झाला, २०१४ मध्ये. राष्ट्रपतींची सहीही झाली. अमलात आलाच नाही.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ आहे. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ५ डिसेंबरला ती साऱ्या देशाला लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अर्ज पाहते, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवते, आणि गस्त, सीसीटीव्ही, सोबत पोलिस, गरज पडली तर जागा बदलून देण्यापर्यंत उपाय सांगू शकते. चांगली योजना आहे. पण ती प्रामुख्याने सात वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांतल्या साक्षीदारांसाठी आहे. रेतीचोरीची तक्रार त्यात बसत नाही. म्हणजे आधी तुमच्यावर जीवघेणा हल्ला व्हावा, मग तुम्ही पात्र. ज्याने मसुदा केला त्याचा हेतू असा नसेल, पण तक्रारदाराच्या पदरात पडतं ते हेच.

उरतो एसपींकडे संरक्षणाचा अर्ज आणि उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाचा दरवाजा. दोन्हीकडे आधीच्या शिक्क्यांच्या प्रती लागतात.

अशा खटल्यांत शिक्षा होते का?

गुजरातचं प्रकरण सांगते. अमित जेठवा गीरच्या भोवतीच्या बेकायदा चुनखडी खाणींविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. २० जुलै २०१० रोजी अहमदाबादेत त्याच न्यायालयासमोर त्यांना गोळ्या घातल्या. वडील लढत राहिले. तपास सीबीआयकडे गेला. खटल्यात १९५ पैकी १०५ साक्षीदार फुटले, तेव्हा उच्च न्यायालयाने खटला नव्याने चालवायला लावला. २०१९ मध्ये एका माजी खासदारासह सात जणांना जन्मठेप झाली. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. चौदा वर्षांनंतर खून तसाच उभा आहे आणि दोषी कोणी नाही.

हे भारतातच आहे की सगळीकडे?

सगळीकडे. ग्लोबल विटनेस ही संस्था २०१२ पासून जमीन आणि पर्यावरणासाठी लढणाऱ्यांच्या हत्यांची नोंद ठेवते. २०२३ अखेर हा आकडा २,१०६ होता. त्या एका वर्षात १९६, त्यांतले ७९ एकट्या कोलंबियातले. उद्योगांमध्ये खाणकामाशी जोडलेल्या हत्या सर्वांत जास्त होत्या. नोंद झालेल्याच मोजल्या जातात, हे ती संस्थाही सांगते.

दक्षिण आफ्रिकेतल्या झोलोबेनीची गोष्ट मला जवळची वाटते. समुद्रकाठच्या वाळूतून टायटॅनियम काढायला विरोध करणाऱ्या गावाचे पुढारी सिखोसिफी राडेबे यांना मार्च २०१६ मध्ये घरी येऊन, पोलिस असल्याचं भासवून मारलं. गाव मागे हटलं नाही. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने गावाच्या संमतीशिवाय खाणपट्टा देता येणार नाही असा निकाल दिला. लॅटिन अमेरिकेत अशा लढणाऱ्यांच्या संरक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकणारा एस्काझू करार २०२१ पासून लागू आहे. आशियात तसलं काही नाही.

खाण कायदेशीर असेल तरी विरोध करणं म्हणजे विकासाच्या आड येणं नाही का?

कायदाच विरोधाला जागा देतो. मोठ्या खाणींना पर्यावरण मंजुरीआधी जनसुनावणी लागते, ३० दिवसांची सूचना लागते, चित्रीकरण होतं. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. नकार देणाऱ्याला देशद्रोही म्हणायचं तर न्यायालयाने विचारलंच कशाला?

आम्ही घर बांधतोय. रेती कुठून घ्यायची?

विक्रेत्याला वाहतुकीचा ऑनलाइन पास, म्हणजे ईटीपी, मागा. त्यावर गाडीचा नंबर, खदान, माल किती आणि पास कोणत्या वेळेपर्यंत चालेल ते असतं. नंबर समोरच्या गाडीशी जुळवून पाहा. पहाटेच्या गाडीवर आदल्या दुपारी संपलेला पास असेल तर तो एका पासावर अनेक फेऱ्या मारतोय. क्रशरवर दगड दळून केलेली एम-सँड हा दुसरा पर्याय. चांगल्या प्रतीची असेल तर काँक्रीटला उत्तम चालते, प्लास्टरसाठी मात्र बारीक आणि धुतलेली मागा. मिस्त्री नाक मुरडेल. ठेकेदाराशी करार करतानाच "पास असलेलीच रेती" ही ओळ लिहून घ्या, नंतर सांगून ऐकत नाहीत.

गल्लीतून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू का?

नको. व्हिडिओत तुमची गच्ची, तुमचं फाटक आणि मागे बायकोचा आवाज असतो, आणि ग्रुपवर रेतीवाल्याचा मेहुणाही असतो. काढलाच असेल तर मूळ फाइल तशीच ठेवा, तारीख आणि जागा कागदावर लिहा, आणि शेजारच्या पाच घरांच्या सह्या घेऊन मंगळवारी या. अर्ज मी लिहून देईन.